चारशे स्कॅन आणि एक वायर

त्या दिवशी आपल्या दोन पायांत दोन रंगांचे मोजे आहेत हे वायरकाकांच्या लक्षातच आलं नाही. ते हॉस्पिटलच्या तळघरात पोचल्यावर त्यांच्या मेहुणीच्या लक्षात आलं.

"भावोजी, एक काळा आणि एक निळा? ही काय नवीन टूम?"

वायरकाकांनी खाली पाहिलं आणि हसून म्हणाले, "आज दोन कार्डांमधून एक निवडायचंय. पायांनीही दोन पर्याय ठेवलेत."

"म्हणजे झोपला नाहीत रात्रभर."

"झोपलो ना. पाचला उठलो, एवढंच."

खरं तर ते चारलाच उठले होते आणि साडेसहाला तळघराचं कुलूप उघडून आत आले होते. इतक्या घाईनं कामावर यावंसं त्यांना कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं. चौदा महिन्यांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून त्यांचा दिवस ढकलत ढकलत पुढे जायचा. आज मात्र दिवसच त्यांना ओढत होता.

वायरकाका हॉस्पिटलच्या संगणक विभागात होते. हे नाव त्यांना विभागातल्या लोकांनी दिलेलं. कोणतंही नवीन मशीन आलं की त्याच्या वेगाचे आकडे बघायच्या आधी हे गृहस्थ त्याची चालू वायर भिंतीतून ओढून काढायचे. "चालू मशीन सगळंच गोड बोलतं," ते म्हणायचे. "पडून उठल्यावर काय बोलतं ते ऐकायचं." लोकांना हा म्हाताऱ्याचा चाळा वाटायचा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्यांना हा चाळा नव्हता, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आजचं काम मोठं होतं. हॉस्पिटलचे सगळे स्कॅन आजवर एका कपाटाएवढ्या जुन्या मशीनमध्ये साठवले जायचे आणि ते मशीन आता शेवटच्या घटका मोजत होतं. त्याच्या जागी बारा साधे सर्व्हर येणार होते. प्रत्येकात डिस्का भरलेल्या, आणि प्रत्येक स्कॅन तीन वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवलेला. एक सर्व्हर मेला तरी कोणाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही, अशी व्यवस्था. बाकी सगळं ठरलं होतं. एकच गोष्ट राहिली होती: सर्व्हर आणि त्याच्या डिस्का यांच्या मध्ये बसणारं कंट्रोलर कार्ड. तळहाताएवढी वस्तू. पण बारा सर्व्हर, म्हणजे चुकलं तर बारा वेळा चुकणार. ऑर्डरच्या कागदावर दुपारी चार वाजता सही व्हायची होती.

टेबलावर दोन तऱ्हेची कार्डं मांडली होती, तीन मोठी आणि तीन साधी. मोठ्या कार्डाला स्वतःची मेमरी होती आणि ती सांभाळायला काडेपेटीएवढी बॅटरी. सर्व्हरनं स्कॅन दिला की ते आधी आपल्या मेमरीत ठेवायचं, लगेच "लिहिलं" म्हणून कळवायचं आणि मग सवडीनं डिस्कवर उतरवायचं. मध्येच वीज गेली तर बॅटरी मेमरी जागी ठेवणार. साध्या कार्डाकडे यातलं काहीच नव्हतं. ते दिलेलं डिस्ककडे पोचवायचं आणि डिस्क "लिहिलं" म्हणाली की मगच स्वतः म्हणायचं.

या एका "लिहिलं"वर वर स्कॅनच्या खोलीत बरंच काही अवलंबून होतं. तिथे मेहुणी स्कॅन काढायची. तिच्या पडद्यावर हिरवी टिक आली की स्कॅन मशीन आपल्याकडची प्रत पुसून टाकायचं. टिक खोटी निघाली तर तो स्कॅन जगात कुठेच नसायचा.

दोन वर्षांपूर्वी सात टिका खोट्या निघाल्या होत्या. वीजवाल्यानं जनरेटर तपासताना चुकीचा खटका दाबला, तळघर दोन सेकंद अंधारलं आणि सात जणांना पुन्हा बोलवावं लागलं. त्या सातांत वायरकाकांची बायको होती. स्कॅन मशीनच्या त्या अरुंद बोगद्याची तिला भयंकर भीती वाटायची. पहिल्या वेळी चाळीस मिनिटं ती कशीबशी निजून राहिली होती. आठवड्याच्या आत पुन्हा चाळीस मिनिटं. तिचा आजार त्यामुळे वाढला नाही, डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगितलं होतं. पण ती दुसरी चाळीस मिनिटं वायरकाकांच्या छातीवर तशीच बसून होती.

कारण दोष विजेचा नव्हता. जुन्या मशीनच्या कार्डाची बॅटरी तेव्हा संपलेली होती. बॅटरी संपली की कार्ड शहाण्यासारखं मेमरी वापरणं थांबवतं, त्यामुळे मशीन रेंगाळायला लागलं होतं आणि डॉक्टरांचे फोनवर फोन येत होते. नवी बॅटरी आठ दिवसांत येणार होती. वायरकाकांनी तोवर एक सेटिंग बदललं: बॅटरी नसली तरी मेमरी चालू ठेव. मशीन पळायला लागलं. डॉक्टर खूश. वीज पाचव्या दिवशी गेली.

हे त्यांनी फक्त बायकोला सांगितलं होतं, त्याच संध्याकाळी. बाकी सगळ्यांनी वीजवाल्याच्या नावानं बोटं मोडली आणि वायरकाका गप्प राहिले.

नऊ वाजता संगणक विभागाच्या प्रमुख आल्या. सगळे त्यांना मॅडमच म्हणत. त्यांच्या मागून मोठं कार्ड विकणारे गृहस्थ आले. तळघरात स्वेटर घालून यावं लागतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं, पण टाय मात्र कडक होता, म्हणून वायरकाकांनी मनातल्या मनात त्यांचं नाव टायवाले ठेवलं.

"वायरकाका, दुपारपर्यंत आटपायचं हं," मॅडम पंख्यांच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या. "मला आकडे हवेत. किती सेकंदांत टिक येते, ते."

"मला पण आकडेच हवेत मॅडम. किती टिका आल्या आणि किती स्कॅन सापडले."

मांडणी त्यांनी सकाळीच करून ठेवली होती. नमुन्याचे तीन सर्व्हर, तिघांची वीज एकाच एक्स्टेन्शन बोर्डावरून आणि त्या बोर्डाची वायर त्यांच्या हाताशी. नावं काढून टाकलेले चारशे जुने स्कॅन एकामागून एक आत सोडायचे. मेहुणीची पाळी दुपारची होती. ती सकाळ मोडून टिका मोजायला आली होती. तिच्यासमोरच्या लॅपटॉपची वीज वेगळी होती.

"तिन्ही सर्व्हर एकदम बंद पडतीलच कशाला?" टायवाल्यांनी विचारलं. "तीन प्रती त्यासाठीच तर असतात."

"तिन्ही एकाच तळघरात आहेत म्हणून," मेहुणी म्हणाली. "आणि आमचा वीजवाला अजून इथेच नोकरीला आहे."

मॅडमना हसू आलं. वायरकाकांना आलं नाही.

मोठी कार्डं बसवली. स्कॅन सुटले. टिका पटापट यायला लागल्या, एकेक तीन सेकंदांत. मेहुणी मोठ्यानं मोजत होती, एखाद्या शर्यतीचं वर्णन करावं तशी. "दोनशे दहा! दोनशे अकरा! दोनशे बारा!"

वायरकाकांनी वायर ओढली. तिन्ही सर्व्हरचे पंखे एका सुरात खाली आले आणि तळघर गप्प झालं. त्यांना तो क्षण फार आवडायचा. आता मशीनला खोटं बोलायला जागाच उरलेली नसायची.

वायर परत लावली. सर्व्हर उठायला सहा मिनिटं लागली. मोजणी झाली. दोनशे बारा टिका, दोनशे बारा स्कॅन.

"मी काय म्हणत होतो!" टायवाल्यांनी टाळी वाजवली. "तीन सेकंद आणि एकही हरवला नाही."

"पटलं का आता?" मॅडमनी विचारलं.

"बॅटरी नवी आहे तोवर पटलं. तीन वर्षांनी म्हातारी होईल तेव्हा?"

"तेव्हा कार्ड स्वतःहून मेमरी वापरणं थांबवतं," टायवाले म्हणाले. "धोका नाही. थोडं हळू होतं, इतकंच."

"मग ते थोडं किती, तेही बघू." वायरकाकांनी झाकणं उघडली आणि तिन्ही कार्डांच्या बॅटऱ्यांच्या बारीक वायरी काढून ठेवल्या. "झाली म्हातारी."

पुन्हा स्कॅन सुटले. पहिली टिक आली तेव्हा मेहुणीची जांभई देऊन झाली होती. चाळीस सेकंद. दुसरी, बेचाळीस. पाचव्या टिकेनंतर मॅडम पेन टेबलावर आपटायला लागल्या. सहाव्या टिकेला त्यांनी घड्याळ पाहिलं.

"हे थोडं?" त्या म्हणाल्या.

त्या गारठ्यात टायवाल्यांच्या कपाळावर घाम आला. "एक मिनिट, एक मिनिट. एक सेटिंग राहिलंय." ते कीबोर्डवर वाकले. त्यांची बोटं सराईतपणे चालली, एक पान, दुसरं पान, तिसऱ्यावर एक लाल चौकट. चौकटीतला मजकूर न वाचताच त्यांनी 'हो' दाबलं. "आता बघा."

टिका धावायला लागल्या. तीन सेकंद. तीन सेकंद. तीन सेकंद.

"हां, असं पाहिजे!" मॅडमनी पेन खिशाला लावलं.

वायरकाका टायवाल्यांच्या बोटांकडे बघत राहिले होते. ती पानं त्यांना पाठ होती. ती लाल चौकटही. तेव्हा फोन वाजत होता, असंच कोणीतरी मागे उभं राहून उसासे टाकत होतं आणि त्यांनीही न वाचता 'हो' दाबलं होतं. बोलावं का? पण सांगून कोणाला पटतं? त्यांनी वायर हातात घेतली.

"एकशे पंच्याऐंशी," मेहुणी म्हणत होती, "एकशे शहाऐंशी, एकशे सत्त्याऐंशी—"

त्यांनी वायर ओढली.

सहा मिनिटं गेली. सर्व्हर उठले. मेहुणीनं मोजणी चालवली, आकडा वाचला आणि पुन्हा चालवली.

"टिका एकशे सत्त्याऐंशी," ती हळू आवाजात म्हणाली. "स्कॅन एकशे एकाहत्तर."

"सोळा गेले?" मॅडम म्हणाल्या. "तीन-तीन प्रती असून?"

"तिन्ही कार्डांनी एकाच वेळी थाप मारली," वायरकाका म्हणाले.

टायवाल्यांचा चेहरा उतरला. "ते सेटिंग वापरू नका असंच आम्ही सांगतो. चौकट लाल असते ती म्हणूनच."

"मग तुम्ही का वापरलंत?" मॅडमचा आवाज चढला. "माझ्या डोळ्यांदेखत? विचारलंसुद्धा नाहीत!"

"आकडा वाईट दिसत होता," टायवाले म्हणाले. माणूस प्रामाणिक होता. "हात आपोआप गेला."

मॅडम आणखी काही बोलणार होत्या.

"त्यांना बोलू नका मॅडम," वायरकाका म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी जुन्या मशीनवर मी हेच केलं होतं. हेच पान, हीच चौकट. ते सात स्कॅन विजेमुळे नाही गेले. माझ्यामुळे गेले."

बोलताना त्यांनी मॅडमकडे पाहिलं होतं. मेहुणीकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही.

"तेव्हा का नाही सांगितलंत?" मॅडमनी विचारलं.

"भ्यालो."

"आणि आज?"

"आज बारा सर्व्हर आहेत. मी पुढच्या वर्षी निवृत्त होईन. माझ्या खुर्चीत दुसरं कोणी बसेल, चांगलं, हुशार. एक दिवस बॅटरी संपेल, फोन वाजायला लागतील आणि ती लाल चौकट समोर येईल. त्या माणसाला मोह होईलच. मला असं कार्ड हवंय ज्यात ती चौकटच नाही."

वायरकाकांना वाटलं, आता मेहुणी उठून जाणार. तिच्या थोरल्या बहिणीला तिनंच दोन्ही वेळा हाताला धरून त्या टेबलावर निजवलं होतं. ती लॅपटॉपसमोरच बसून होती, तोंड वळवून.

"घाला ते दुसरं कार्ड," ती म्हणाली. "वेळ जातोय."

टायवाल्यांनी टाय सोडून खिशात कोंबला आणि स्क्रू काढायला मदत केली. दुसऱ्याचं कार्ड बसवायला मदत करणारा विक्रेता वायरकाकांनी पहिल्यांदाच पाहिला. दोघांनी मिळून दहा मिनिटांत तिन्ही सर्व्हर तयार केले.

स्कॅन सुटले. पहिली टिक अकराव्या सेकंदाला आली. दुसरीही अकरा. तिसरी अकरा. ना कमी ना जास्त, एखाद्या माणसानं जिना चढावा तशी. मोठं कार्ड मेमरीशिवाय लंगडायचं; याला मेमरीची सवयच नव्हती.

"अकरा," मॅडम म्हणाल्या. "तीनाच्या जागी अकरा. काका, तुमचं म्हणणं कळलं मला, पण स्कॅनच्या खोलीतून तक्रारी येतील हो."

"कोण करणार तक्रार?" मेहुणी तटकन म्हणाली. "तिथे मीच तर असते. मॅडम, तुम्ही कधी पेशंटला टेबलावरून उतरताना पाहिलंय? आधी तो विचारतो, झालं का. मग विचारतो, काही निघालं का. मग चष्मा शोधतो. अकरा सेकंदांत त्याला एक बूट सापडत नाही. तुमची टिक तीन सेकंदांत येऊ दे नाहीतर तीसमध्ये, पुढचा पेशंट चार मिनिटांशिवाय टेबलावर चढतच नाही!"

मॅडम तिच्याकडे बघतच राहिल्या. "सहा महिने ही निवड चाललीय, हे कोणी बोललं कसं नाही?"

"आम्हाला विचारलं कोणी?"

मॅडमनी खिशातलं पेन पुन्हा काढलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. वायरकाकांना हसू यायला लागलं, इतकं की त्यांनी ते खोकल्यात लपवलं. सहा महिने ते सेकंदांवर डोकं फोडत होते आणि उत्तर वरच्या मजल्यावर पेशंटचे बूट शोधत बसलं होतं.

टिका शंभरावर गेल्या. वायरकाकांनी वायर हातात घेतली. तेवढ्यात मेहुणी उठली.

"द्या इकडे. ही मी ओढणार."

त्यांनी मुकाट्यानं वायर दिली आणि तिच्या जागी मोजायला बसले. "एकशे एकतीस. एकशे बत्तीस." ते पडद्यावर बोट ठेवून मोजत होते. "एकशे तेहेतीस—"

तिनं वायर अशी काही हिसडली की प्लगबरोबर एक्स्टेन्शन बोर्डही टेबलावरून खाली आला. पंखे थांबले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मूठ वायरीवर आवळलेली होती. दोन वर्षांचा जो राग वायरकाकांवर काढायचा, तो तिनं बहुतेक त्या वायरीवर काढला होता.

सर्व्हर उठले. या वेळी चौघेही एका लॅपटॉपवर वाकले होते, टायवाले सगळ्यांत पुढे. मोजणीचा आकडा वर चढायला लागला. शंभर. एकशे वीस. एकशे तीस.

"चल, चल, चल," टायवाले पुटपुटले. आपण कोणाच्या बाजूचे हेच ते विसरले होते.

एकशे एकतीस. एकशे बत्तीस. एकशे तेहेतीस.

"जमलं!" मॅडमनी वायरकाकांच्या पाठीत थाप मारली.

आकडा आणखी एकानं सरकला. एकशे चौतीस.

"हे काय?" टायवाले म्हणाले. "एक जास्त? टिका तर एकशे तेहेतीसच होत्या."

वायरकाका पडद्याकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "शेवटचा स्कॅन लिहून झाला होता. सांगायच्या आत वीज गेली."

"म्हणजे चुकलं तरी..."

"या बाजूला चुकलं. लिहिलं आणि सांगायचं राहून गेलं, तर कोणाचं काही बिघडत नाही. वरच्या मशीनकडे प्रत असतेच."

मॅडमनी चारची वाट पाहिली नाही. ऑर्डरचा कागद तिथेच सर्व्हरच्या पाठीवर ठेवून साध्या कार्डापुढे बारा लिहिलं आणि सही ठोकली. "वायरकाका, तुम्ही मघाशी सांगितलंत ते मला लेखी हवंय," त्या म्हणाल्या. "उद्या." मग दारातून वळून म्हणाल्या, "आणि वायर ओढायचा नियमही लिहा. पुढच्या माणसासाठी."

टायवाल्यांनी आपली कार्डं खोक्यात भरली, वायरकाकांचा हात हातात घेऊन हलवला आणि गेले.

मग जिन्यावर दोघंच उरली. मेहुणी पुढे, वायरकाका मागे.

"दोन वर्षं त्या वीजवाल्याला मी तोंडावर शिव्या घातल्या," ती पाठ न वळवता म्हणाली. "आज जाऊन त्याची माफी मागायची. दोघांनी. आधी तुम्ही."

"आधी मी," वायरकाका म्हणाले.

ती आणखी चार पायऱ्या चढली. "ताईला माहीत होतं?"

"त्याच संध्याकाळी सांगितलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बरं झालं पुन्हा काढला. पहिल्या वेळी मध्येच तिला शिंक आली होती. स्कॅन हललेलाच असणार, दुसऱ्यांदा काढावाच लागला असता. म्हणाली, तुम्ही उगाच जिवाला लावून घेऊ नका." वायरकाका थांबले. "त्या शिंकेवर मी दोन वर्षं काढली बघ."

मेहुणी जिन्यात थबकली आणि मागे वळली.

"शिंक?"

"हो. शिंक."

"भावोजी, तो स्कॅन मी काढला होता. चाळीस मिनिटं मी काचेतून तिच्याकडे बघत होते. शिंक कसली, तिची पापणी हलली नव्हती. इतका स्वच्छ स्कॅन मी त्या वर्षात दुसरा काढला नव्हता."

वायरकाकांनी कठडा धरला. मग ते पायरीवर बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले, आणि पुसता पुसता पुन्हा हसायला लागले.

"किती सफाईनं थाप मारली," ते म्हणाले. "अगं, शिंक कशी आली ते करूनसुद्धा दाखवलं होतं तिनं मला."

मेहुणीलाही हसू फुटलं. ती खाली आली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. वरून कोणाच्या तरी पावलांचा आणि चाकांच्या खुर्चीचा आवाज येत होता. तिची पाळी सुरू व्हायला अजून पाऊण तास होता.

"कशी?" तिनं विचारलं. "करून दाखवा ना. ताईनं केली तशी."

वायरकाकांनी डोळे मिटले, नाक वर केलं, दोन मोठे श्वास घेतले, हुबेहूब बायको घ्यायची तसे, आणि साऱ्या जिन्यात घुमेल अशी शिंक दिली.